रझियाबाईंचा नमुना पाठ

रझिया आमच्या घरामागेच राहायची. नवरा मजीद बोटीवर नोकरीला, दीड-दोन वर्षांनी एकदा घरी यायचा. लग्नाआधी मुंबईला मामूंकडे राहून ती मॅट्रिक झाली होती. सासू कितीही करवादली तरी रोजचं वर्तमानपत्र वाचल्याशिवाय ती चुलीपाशी जात नसे.

छप्पन्न साली मुलींच्या शाळेत नववीला इंग्रजी शिकवायला बाई हवी होती. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. अर्ज लिहिला. मामंजींनी तो वाचला, चष्मा पुसला आणि घरात आंब्यांची अढी लागलेली असताना ही कसली थेरं, एवढंच ते म्हणाले. आमच्या ह्यांनी कचेरीची पिशवी उचलली. विषय मिटला.

चार दिवसांनी रझिया वही घेऊन आमच्या पडवीत आली. तिनंही अर्ज केला होता. सोमवारी कमिटीपुढे नमुना पाठ द्यायचा, विषय क्रियाविशेषण.

"वयनी, जरा समजावून द्याल?"

मी पेंढ्यातले आंबे निवडत होते. हा पाठ माझ्या मनात कधीचा तयार होता. मुलींच्या हातात एकेक आंबा द्यायचा. हळूच उचल, अलगद दाब, नीट ठेव. उचलणं तेच, पण ते कसं, हे सांगायला आणखी एक शब्द लागतो. यातलं एक अक्षर मी तिला सांगितलं नाही. व्याख्या दिली, प्रकार दिले, चाळीस शब्दांची कोरडी यादी उतरवून दिली. ती मान खाली घालून लिहीत होती. अक्षरही माझ्यापेक्षा सुरेख.

सोमवारी संध्याकाळी शेजारची नववीतली हेमा शाळेतली हकिकत घेऊन आली. रझियाबाईंनी यादी फळ्यावर लिहिली आणि मुलींना विचारलं, माझा नवरा बोटीवर जायला निघतो, तो कसा निघतो? कुणी 'क्विकली' म्हणालं, कुणी 'सायलेंटली'. मग विचारलं, घरी किती वेळा येतो? मागच्या बाकावरची सगुणा यादीकडे बघत म्हणाली, 'सेल्डम', म्हणजे क्वचित. बाई हसल्या म्हणे, आणि त्या शब्दाखाली रेघ ओढली.

आधी मला तिच्या नोकरीचा हेवा होता. आता त्या पाठाचा वाटायला लागला. आमचे हे रोज साडेपाचला कचेरीतून घरी येतात, म्हणून माझ्याकडे असं एक वाक्य नाही, असंही मनात आलं. लाज वाटली. हेवा काही गेला नाही.

नेमणुकीचा कागद हातात पडला त्या दिवशी ती आली. पडवीच्या कडेला टेकली.

"वयनी, त्या दिवशी तुम्ही अर्धंच सांगितलंत. मला कळत होतं."

मी आंबा उलटसुलट करत राहिले.

"मी तुमच्या जागी असते तर तेवढंही सांगितलं नसतं," ती म्हणाली आणि वही उघडली. "उद्या पुढचा धडा आहे."

मी शिकवलं. सगळं शिकवलं, असं मात्र म्हणवत नाही.