लीडर पुढे का गेला

गुरुवारी आमच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कंपन्या बंद असतात. काळेवाडीतल्या घरात त्या दिवशी धुणं वाळत घालून आत आले, तर लेकीने जेवणाच्या टेबलावर मोठा नकाशा पसरला होता. मैत्रिणीकडून आणलेला युद्धाचा खेळ. षटकोनी घरं, मधोमध तपकिरी टेकडी आणि पुठ्ठ्याच्या सोंगट्या. एक सोंगटी म्हणजे दहाएक जवान.

"मम्मी, टेकडी तुझी. मी खालून चढणार."

"मला मेथी निवडायचीये."

"निवडता निवडता खेळ. तुझ्याकडे मशिनगन आहे. फक्त फासे टाकायचे."

तिला लष्कराच्या अधिकारी प्रशिक्षणाचं बोलावणं आलं होतं. तळवड्याच्या एका आयटी कंपनीनेही घेतलं होतं. दोघांनाही उद्यापर्यंत कळवायचं होतं आणि ती म्हणत होती, मम्मी सांगेल तसं. माझं कधीच ठरलं होतं. आयटीवाले आज घेतात, उद्या काढतात. लष्करात पक्की नोकरी, राहायला क्वार्टर, स्वस्त कॅन्टीन. संध्याकाळी सांगून टाकणार होते.

खेळ सुरू झाला. तिच्या सोंगट्या ओढ्यातून वर सरकल्या आणि माझ्या गोळीबारात सापडल्या. तिने त्या उलट्या केल्या. उलटी म्हणजे जवान जमिनीला चिकटले. लीडर त्यांच्या घरात पोचल्याशिवाय उठत नाहीत. लीडर म्हणजे एकाच माणसाची छोटी सोंगटी.

"त्याला मागे ठेव," मी म्हटलं. "आमच्याकडे सुपरवायझर लाइनच्या टोकाला उभा राहतो. तिथून सगळं दिसतं."

"मागून ओरडून ते उठत नाहीत, मम्मी."

तिने लीडर पुढे नेला. सोंगट्या सुलट्या झाल्या आणि सगळे मिळून उघड्या उतारावर आले. मी डाव्या हाताने मेथीची काडी धरून उजव्याने फासे टाकले. दोन्हींवर एक. मला वाटलं, वाईट दान पडलं.

तिने तक्त्यात पाहिलं. "लीडर गेला." सोंगटी उचलून बाजूला ठेवली आणि त्याच हाताने बाकीच्या टेकडीच्या माथ्यावर नेल्या. "घेतली टेकडी!"

"गेला म्हणजे कुठे?" मी विचारलं.

बाहेरच्या खोलीतून नवरा म्हणाला, "काय बाईसाहेब, पोटच्या पोरीलाच उडवलंत? आधी जेवायला तरी वाढायचं."

तो हसला. मुलगीही हसली. माझे कान एकदम गरम झाले. तोवर ती सोंगटी कोण आहे हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. क्वार्टर आणि कॅन्टीन आलं होतं.

मी बाजूला ठेवलेली ती सोंगटी उचलली. "थांब. व्हाय-व्हाय करू."

महाळुंग्याच्या कारखान्यात मी सेफ्टीचं काम बघते. कुणाला लागलं की आम्ही ‘का’ विचारत मागे मागे जातो, चूक सापडेपर्यंत. हातमोजा नव्हता, मशीनचं गार्ड काढलं होतं, कुणी घाई केली. इतक्या वर्षांत काही सापडलं नाही असं झालेलं नाही.

"का गेला?"

"उघड्यावर होता."

"उघड्यावर का?"

"जवान पडून होते. उठवून पुढे न्यायचे होते."

"मग आधी आडोशाला धूर सोडायचा."

"सोडला होता की. ही पांढरी सोंगटी बघ."

"जवान पडून का होते?"

"तू गोळ्या घातल्यास."

"मी का घातल्या?"

"अगं, ते तुझं काम आहे!"

"मग चूक कुणाची?"

तिने खांदे उडवले. "कुणाचीच नाही. सगळं बरोबर केलं आपण."

सगळं बरोबर केलं आणि माणूस गेला. आमच्याकडे असं कुणी म्हणालं तर मी त्याला केबिनबाहेर काढते.

"पुन्हा मांड," मी म्हटलं. "या वेळी लीडर मागे."

तिने खेळ पुन्हा मांडला. लीडर ओढ्यातच राहिला. तिच्या सोंगट्या उतारावर उलट्या पडल्या त्या पडल्याच. मी फासे टाकत गेले, त्या एकेक कमी होत गेल्या. टेकडी माझ्याकडे राहिली. लीडर धडधाकट.

"बघ," ती म्हणाली.

"तू असतीस तर मागे थांबली असतीस?"

"नाही."

चहात साखर नको म्हणावं तसं म्हणाली. स्वयंपाकघरात झुरळ दिसलं तर ही मुलगी स्टुलावर चढून मला हाका मारते. हे हिच्यात कधी आलं, मला पत्ताच नव्हता.

"मग मम्मी, काय कळवू?"

सकाळपासून तयार असलेलं उत्तर मी बाजूला ठेवलं. "माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस," मी म्हटलं. "मी पगार आणि घर बघून सांगणार होते. तुला जायचंय?"

"जायचंय."

"हे सगळं माहीत असून?"

"मम्मी, मला आधीपासून माहीत होतं. तुलाच नव्हतं."

"मग कळव," मी म्हटलं. तिने तिथेच बसून मोबाइलवर कळवून टाकलं, लष्कराला हो, तळवड्याला नाही. मी नकाशावर सांडलेली मेथी गोळा केली.

"कोण जिंकलं?" नवऱ्याने ताटावर बसताना विचारलं.

"टेकडी हिने घेतली," मी म्हटलं आणि भाकरी वाढली.

शुक्रवारी कंपनीच्या बसमध्ये पास काढायला पर्स उघडली, तर लीडरची सोंगटी आत. कधी टाकली, आठवेना. खेळ मैत्रिणीचा होता, परत करायचा होता. संध्याकाळी लेकीच्या हातात दिली.