बावीस फुटांची सूर्यमाला

पुण्याहून भंडारा जिल्ह्यात सुट्टी घालवायला सहसा कुणी जात नाही. मी गेले, कारण उद्घाटनाच्या पत्रिकेत माझं नाव छापलं होतं. खोटं कशाला बोलू, ते वाचून मी जरा फुगले होते.

आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि पवनी तालुक्यात माळावर नवी वसाहत उभी राहिली. तिला सगळे नुसतं 'पुनर्वसन' म्हणतात. तिथल्या शाळेच्या भिंतीवर सूर्यमाला रंगवायची कल्पना आम्हा माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मीच काढली. चित्रकारानं फोटो पाठवला, मी होकाराचा अंगठा टाकला, भिंत रंगली.

जाणाऱ्यांसाठी: नागपूरहून उमरेड, भिवापूर, पवनी अशी एसटी मिळते. बायकांना अर्धं तिकीट. उमरेडपर्यंत रस्ता गुळगुळीत आहे, पुढं मधे मधे कंबर मोजून घेतो. भिवापूरला गाडी थांबली की तर्री पोहे खा. तर्री तिखट असते, मिरचीचं गाव आहे. पाणी घरून न्या.

शेजारी बसलेल्या बाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं. "कोणाकडं चालली वं?"

"रामटेके सरांकडे."

"ते चांदण्यावाले? आता दिसत नाही बिचाऱ्याले."

चांदण्यावाले. धान कापून झाला, बांध्या म्हणजे भाताची खाचरं कोरडी पडली की सर दरवर्षी आम्हाला सूर्यमाला चालायला न्यायचे. चालायलाच. जुन्या गावातल्या शाळेच्या भिंतीवर गेरूनं काढलेलं साडेचार फुटी वर्तुळ म्हणजे सूर्य. तिथून दीडशे मीटरवर पृथ्वीचा दगड. सर खिशातून एक रानबोर काढून त्यावर ठेवत. "हे आपण सारे." गुरू म्हणजे बेलफळ, पाऊण किलोमीटरच्याही पुढं. नेपच्यून म्हणजे लिंबू, साडेचार किलोमीटरवर वैनगंगेच्या काठाला. तिथं पोहोचलो की सर मागं वळायला लावत. शाळेवरचा सूर्य ठिपक्याएवढा झालेला असायचा, तोही धुकं नसेल तर. प्लुटो नदीपलीकडे होता, नावेनं जावं लागे. मी आठवीत असताना त्याचं ग्रहपद गेलं, तेव्हा नाववाला सोडून सगळे खूश झाले. परतताना पृथ्वी कुणीतरी खाऊन टाकलेली असायची.

आणि एक नेम होता. सूर्य ते पृथ्वी नीट चालायचं नाही, पावलाला पाऊल लावून जायचं, सेकंदाला एक. "आपल्या मापात उजेड सेकंदाले एकच फूट चालते," सर सांगत. एकशेनव्वदाव्या पावलाला बुध यायचा, पृथ्वीपाशी पोहोचायला आठ मिनिटं आणि वर थोडी लागत. कुणी पळालं की सर सगळ्यांना परत सूर्याकडे धाडत. सूर्यापासून आपल्यापर्यंत उजेड यायला आठ मिनिटं लागतात हे मी पाठ केलं नाही, माझ्या टाचांना ते ठाऊक आहे.

संध्याकाळी सरांच्या घरी पोहोचले. पायाला हात लावला, "जय भीम सर" म्हटलं. त्यांनी आवाजावरून ओळखलं. "संध्या! थकली असशील, बस."

सरांच्या पत्नीनं लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी, भात आणि धरणातली मासोळी वाढली. मासोळी फार चवदार होती. ती आमच्या गावावरून पोहत आली असेल, हा विचार घास घेतानाच आला.

"सूर्यमाला केली म्हणे तुमी," सर म्हणाले. "इतकी जागा कुठं भेटली वं? इथं त घराले घर लागून आहे."

"केलीय सर. उद्या बघा." मी एवढंच बोलले. भिंत बावीस फुटांची आहे हे सांगायची हिंमत झाली नाही.

सकाळी मंडप, खुर्च्या, स्पीकर. भिंत पाहिली आणि घोळ दिसला. फोटोत लक्षात आलं नव्हतं, किंवा मी घेतलं नव्हतं. गुरूच्या पोटात तेराशे पृथ्व्या मावतात, इथं तो पृथ्वीहून जेमतेम दुप्पट. नऊच्या नऊ ग्रह रांगेत, प्लुटोसकट. त्याखाली मोठ्या अक्षरांत देणगीदारांची नावं, पहिलं माझं.

फीत सरांच्या हातून कापायची होती. कापल्यावर त्यांनी विचारलं, "सूर्य कुठं?" मी त्यांचा हात भिंतीवरच्या पिवळ्या गोळ्यावर ठेवला. सरांनी पाठ सूर्याला लावली आणि भिंतीच्या कडेनं चालू लागले. पावलाला पाऊल लावून, सेकंदाला एक.

पहिल्या दहा पावलांना टाळ्या वाजल्या. बाविसाव्या पावलाला भिंत संपली. सर चालत राहिले. ओठ हलत होते, मोजत होते. फाटक ओलांडून रस्त्यावर गेले. मंडपात कुजबुज झाली, मग हसू.

"सरायचं डोकं गेलं का?"

"संध्या, आण त्याहिले. पाहुण्याले दुसऱ्या गावी जायचं आहे."

मला माहीत होतं ते काय करताहेत. त्या मंडपात हे ठाऊक असलेली आमच्या वर्गाची निदान सहा माणसं होती. एकानंही तोंड उघडलं नाही, आणि मीही नाही. माईक माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी धावत गेले आणि सरांचा दंड धरला.

"सर, झालं. चला, फोटो आहे."

"काहून थांबवून राहिली मले? एकशेचाळीसच झाले. बुध त अजून आलाच नाही."

"आला सर. मागंच आला," मी म्हणाले.

ते माझ्याकडे वळले. मग माझ्याबरोबर परत आले. फोटो छान आला, ग्रुपवर खूप हात जोडले गेले.

पवनीची सकाळची एसटी सातला निघते. गोसीखुर्दचं पाणी बघायचं असेल तर पवनीहून गाडी ठरवा, धरणाच्या भिंतीवरून दूरवर दिसतं. मी बघितलं नाही. सूर्याची भिंत आणि नेपच्यूनचा दगड त्याच पाण्याखाली आहेत, मला तिकडे तोंड दाखवावंसं वाटलं नाही.

पुण्याला आल्यावर आठ दिवस मनात ठरवलं, ठरवून फोन केला. माफी मागायची होती. भिंत चुकली, त्याहून मी चुकले, हे सांगायचं होतं. फोन सरांनीच घेतला आणि मी बोलायच्या आधी त्यांनीच सुरुवात केली.

"संध्या, तुया कार्यक्रम म्या खराब केला वं. बुध इतक्या जवळ आहे हे मले याद नव्हतं. आता विसरून राहिलो मी सारं."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "असू द्या सर, वय झालं की होतं."