ब्रेक्झिटचं भांडण मी गोड केलं

“तू आमच्या गावात एकदा तरी बसने फिरली आहेस का?” कॉलिनने ज्युडिथकडे बघत टेबलावर तळहात आपटला. “निम्मी दुकानं बंद. तरुण मुलं गाव सोडून चाललीत. ब्रसेल्समध्ये आमच्या गावाचं नाव कुणाला माहीत नाही. म्हणून मी बाहेर पडायला मत दिलं. उद्या विचारलं तर पुन्हा देईन.”

तो थांबला. आता माझी पाळी. मी पाठ ताठ केली, चेहरा शांत केला आणि जपानीत म्हणाले, “स्थानिक परिस्थितीचा आणखी खोलात जाऊन अभ्यास व्हावा, असं मला वाटतं.”

समोर बसलेल्या डायरेक्टर तोकुदासाननी मान हलवली आणि वहीत टिपून घेतलं.

यातला ‘मला’ म्हणजे कॉलिन. दुभाषी ज्याचं बोलणं सांगतो, त्याचा ‘मी’ होऊन बोलतो. एका मिनिटात मी लाल चेहऱ्याचा इंग्रज मॅनेजर असते, पुढच्या मिनिटाला साठीचा जपानी डायरेक्टर. पुण्यात जपानी शिकताना आमच्या बाईंनी हे सांगितलं, तेव्हाच मी ठरवलं की हीच नोकरी करायची. नाटकात काम मिळत नव्हतं. इथे रोज दोन-दोन भूमिका, शिवाय प्रेक्षक उठून जात नाहीत.

ही गोष्ट २०१६ च्या शरद ऋतूतली. ब्रिटनने युरोपियन युनियनमधून बाहेर पडायचा कौल जूनमध्ये दिला होता. बाहेर कसं पडायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. योकोहामाची एक कंपनी मोटारींच्या दारांना लागणारी काळी रबरी पट्टी बनवायची. आपल्याकडे गॅरेजवाले तिला बीडिंग म्हणतात. कंपनीचा एक कारखाना उत्तर इंग्लंडमध्ये होता, एक स्लोव्हाकियात. नवी प्रॉडक्शन लाइन इंग्लंडला द्यायचं जूनआधी जवळपास ठरलं होतं. आता ती द्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता. त्यासाठी इंग्लंडच्या कारखान्याचा मॅनेजर कॉलिन आणि तिथलीच पर्चेस आणि वाहतूक बघणारी ज्युडिथ, दोघांना दोन दिवसांसाठी बोलावलं होतं. लाइन मिळाली तर कॉलिनच्या दोनशे माणसांचं काम पक्कं. नाही मिळाली तर जुन्या मशीन किती वर्षं चालतील, ते सांगता येत नव्हतं.

ज्युडिथ बारीक चणीची, हळू बोलणारी. पण बोलली की लागायचं.

“तुझ्या बसच्या रागापायी तू माझ्या मुलांच्या हातातला युरोप काढून घेतलास,” ती कॉलिनला म्हणाली. मग तोकुदासानकडे वळली. “आमचा निम्म्याहून जास्त माल समुद्र ओलांडून युरोपातल्या कार कारखान्यांत जातो. उद्या बंदरावर कस्टम्स आलं आणि ट्रक अडकला, की तिकडची असेंब्ली थांबते. लाइन स्लोव्हाकियाला द्या. मी माझ्याच कारखान्याविरुद्ध बोलते आहे, हे मला कळतं.”

मी म्हणाले, “वाहतुकीच्या बाबतीत थोडी काळजी घ्यावी लागेल. दूरचा विचार करायला वाव आहे.”

आता तुम्ही विचाराल, बाई, तुम्ही असं का केलंत? दोन कारणं. एक, जपानी मीटिंगमध्ये कुणी कुणाला तोंडावर ‘तुझं चुकलं’ म्हणत नाही. मतभेद असले तर ते आदल्या आठवड्यात एकेकाला भेटून मिटवतात. मीटिंगमध्ये फक्त माना हलवायच्या. त्यामुळे भांडणासाठी तयार वाक्यं जिभेवर येतच नाहीत, सभ्य वाक्यं मात्र रांगेत उभी असतात. दुसरं कारण घरचं. माझी आई आणि काकू तीन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. एकाच घरात. निरोप मी पोचवायचे. “तिला म्हणावं, माझ्या पातेल्याला हात लावू नको,” असं आई म्हणाली की मी काकूला सांगायचे, “आईला ते पातेलं लागणार आहे.” घर चालू राहिलं. मला वाटायचं, हे माझ्यामुळेच.

त्या सकाळी मी तेच केलं. कॉलिन म्हणाला, “हिच्यासारख्या लोकांना आम्ही गावंढळ वाटतो.” मी म्हणाले, “वेगवेगळ्या स्तरांवरच्या मतांचा आदर व्हावा.” ज्युडिथ म्हणाली, “वाटत नव्हतात, मतमोजणी होईपर्यंत.” मी म्हणाले, “त्याला माझा पाठिंबा आहे.” इतकं सुरेख जमत होतं की मधल्या सुट्टीत मी स्वतःवर खूश होऊन आरशात केस सारखे केले.

जेवायला डबे आले. माझ्यासाठी खास भाज्यांचा बेंतो. तोकुदासान माझ्या शेजारी बसले. दोघं पाहुणे खिडकीपाशी, एकमेकांकडे पाठ करून.

“दोघांचं एकमत आहे, हे बघून बरं वाटलं,” तोकुदासान म्हणाले. “मला काळजी होती. आता दुपारी रिंगी पुढे पाठवतो. लाइन इंग्लंडला.”

मी चॉपस्टिक्स डब्यावर ठेवल्या.

रिंगी म्हणजे मंजुरीचा कागद. तो टेबलाटेबलावरून वर सरकतो, प्रत्येक जण त्यावर आपला शिक्का मारतो. एकदा निघाला की त्याला परत बोलावणं म्हणजे आधी शिक्का मारलेल्या सगळ्यांना मान खाली घालायला लावणं. म्हणजे जो कागद परत येत नाही, तो माझ्या गोड बोलण्यावर निघणार होता. उद्या ट्रक अडकले आणि लाइन बंद पडली, तर ती दोनशे माणसं कुणाला विचारणार होती? मला तर कुणी ओळखतही नव्हतं.

२०११ च्या भूकंपानंतर टोकियोजवळच्या उरायासुमधल्या आमच्या बिल्डिंगमध्येही भारतात परत जावं की राहावं यावर असाच वाद झाला होता. नळाला पाणी नव्हतं, रस्त्यावर जमिनीतून वर आलेली वाळू पसरली होती. निम्मी भारतीय कुटुंबं परतली. आमच्या घरात नवरा जायचं म्हणत होता, मी राहायचं. तेव्हा जर कुणी आमची वाक्यं मऊ करून एकमेकांना सांगितली असती, तर आम्ही अर्धं सामान बांधून दारात बसलो असतो. कडकडून भांडलो, म्हणून काहीतरी ठरलं.

तोकुदासान कॉरिडॉरमधल्या व्हेंडिंग मशीनपाशी कॉफीचा कॅन घेत होते. मी तिथे गेले आणि वाकले. नेहमीपेक्षा जास्त.

“तोकुदासान, सकाळचं माझं भाषांतर चुकलं.”

“कुठला शब्द?”

“शब्द नाही. मी भांडण गाळलं.”

त्यांनी कॅन उघडला. एक घोट घेतला.

“किती?”

“सगळं.”

त्यांनी घड्याळात बघितलं. मला वाटलं, आता मला पाठवणाऱ्या एजन्सीला फोन जाणार.

“रिंगी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे,” ते म्हणाले. “जेवणानंतर पहिल्यापासून सुरू करू. तुम्ही काही गाळू नका. आवाजसुद्धा.”

मग पाहुण्यांनाही सांगणं भाग होतं. ते जास्त अवघड गेलं. जपानीत माफी मागायची वाक्यं तयार मिळतात, इंग्रजीत आपली आपण जुळवावी लागतात.

“सकाळी मी तुमचं बोलणं सौम्य करून सांगितलं,” मी म्हणाले. “चूक माझी. कृपा करून पुन्हा बोला.”

ज्युडिथने चष्मा काढला. “म्हणजे सकाळभर आम्ही काय म्हणत होतो?”

“तुम्ही बऱ्यापैकी सहमत होतात.”

कॉलिन हसायला लागला. “जूनपासून पहिल्यांदाच,” तो म्हणाला. ज्युडिथ हसली नाही, पण खुर्ची थोडी टेबलाकडे ओढून बसली.

त्यानंतरचा दीड तास मी आयुष्यात विसरणार नाही. कॉलिनने हात आपटला, मी हात आपटला. ज्युडिथने आवाज खाली आणला, मी त्याहून खाली आणला. “गावंढळ” म्हणताना तर माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. बाजूच्या खोलीतून कुणीतरी दार किलकिलं करून बघून गेलं. तोकुदासान एकदाही वहीकडे बघत नव्हते. ते कॉलिनकडे बघत होते, मग ज्युडिथकडे. माझ्याकडे नाही. आमच्या धंद्यात याहून मोठी दाद नसते.

शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला. “ट्रक दोन दिवस थांबला, तर तेवढा माल आधीच पलीकडे पाठवून ठेवावा लागेल. त्यासाठी तो आधी बनवून तुमच्याकडे साठवावा लागेल. जागा आहे?”

कॉलिनने नकारार्थी मान हलवली. “नाही,” तो म्हणाला.

“आहे,” ज्युडिथ म्हणाली. “जुनं पेंट शॉप.”

“त्याचं छत गळतं.”

“मग दुरुस्त कर. तीन वर्षं सांगते आहे मी.”

तेही मी जसंच्या तसं सांगितलं, ‘तीन वर्षं’ वर जोर देऊन.

रिंगी त्या दिवशी निघाली नाही. हिवाळ्यात नवी लिहिली गेली. ब्रिटनमध्ये बनणाऱ्या गाड्यांचं बीडिंग कॉलिनकडे, आधी छत आणि मग छोटी लाइन. बाकीचा माल स्लोव्हाकियाला. कॉलिनला मागितल्याच्या निम्मं मिळालं, आणि ज्युडिथच्या मते तेही निम्मं जास्तच होतं. मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी निरोप घेऊन दोघं स्टेशनकडे एकाच टॅक्सीने गेले होते. भांडतच.

त्या मीटिंगनंतर महिन्याभराने एजन्सीच्या बाईंचा फोन आला. क्लायंटचा फीडबॅक चांगला होता. फक्त एक शेरा होता: पहिल्या सकाळी दुभाष्यांचा आवाज जरा लहान वाटला. तोकुदासाननी माझी चूक एवढ्याच शब्दांत एजन्सीला कळवली होती.

“घसा बसला होता का हो?” बाईंनी काळजीने विचारलं. “आल्याचा चहा घेत जा.”

“घेते,” मी म्हणाले.

तेव्हापासून एक नियम पाळते. समेट ज्याचा त्याने करावा. दुभाष्याने भांडण पलीकडे पोचवावं, आणि रस्त्यात त्यात साखर घालू नये.