टोपणभर गंगा

गेल्या आठवड्यात आमच्या शेठचा यात्रेकरूंच्या ग्रुपवर निरोप आला. वर्ष संपत आलं, तेव्हा प्रत्येकानं या वर्षाबद्दल कृतज्ञतेचे चार शब्द लिहून पाठवावेत, सोबत प्रवासातला एक हसरा फोटो जोडावा. खाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची एक अख्खी ओळ होती. शेठची नोकरी मी तोवर सोडली होती, पण ग्रुपमधून मला कुणी काढलं नव्हतं. निरोप वाचून मला शिसारी आली.

सूतगिरणी बंद पडली तेव्हा मी पन्नाशीला टेकलो होतो. बावीस वर्षं तिथं वजनकाट्यावर बसलो. माल आत येताना मोजायचा, बाहेर जाताना मोजायचा, आणि दोन्हीतला फरक कुठं गेला ते शोधायचं, हे माझं काम. त्या कामाची सवय हातात नव्हे, स्वभावात उतरते. गिरणीला कुलूप लागल्यावर दोन महिने घरी बसलो, मग हिंगोलीतल्या एका यात्रा कंपनीत व्यवस्थापक म्हणून लागलो. काशी, प्रयाग, रामेश्वर. आयुष्यात नांदेडच्या पलीकडं क्वचित गेलेला माणूस वर्षभरात निम्मा देश फिरला. बायको शेजारणींना सांगायची, "आमच्या यांचं नशीब फुललं या वयात." मी तिला सांगायचो की मी देश पाहिला नाही, देशातली संडासं पाहिली.

ते खरंच होतं. सेहेचाळीस माणसांची बस सकाळी कुठं थांबवायची, हे ठरवणं हे माझं मोठं काम. दुसरं काम म्हणजे माणसांनी मागं टाकलेलं गोळा करणं. घाटावर आमचे लोक डुबकी मारायचे, आणि शांपूची पुडी, साबणाचा कागद, जुनं लुगडं तिथंच पाण्यात सोडून द्यायचे. मग चार हात बाजूला जाऊन त्याच पाण्यात डबा बुडवायचे. मी एकदा म्हणालो, "अहो, निदान कागद तरी वर टाका." तर एक म्हातारा म्हणाला, "गंगामाई सगळं पोटात घेते." मी त्या वर्षात सहा वेळा काशीला गेलो आणि एकदाही घरी पाणी आणलं नाही.

हे सगळं मी सहन केलं असतं. माणसं घाण करतात, ती काही नवी गोष्ट नाही. सांगायचं आहे ते शेवटच्या फेरीबद्दल.

त्या फेरीत सिद्धेश्वर धरणाच्या बाजूच्या एका गावातली मावशी होती. साठीची, एकटी. तिचा नवरा दोन वर्षं लकव्यानं अंथरुणावर. दोघांनी मिळून काशी करायची असं ठरलेलं, ते राहून गेलं. निघताना बसच्या दारात तिनं मला सांगितलं, "ते म्हणले, तू जाऊन ये. तुझ्या हातानं काशीचं पाणी तोंडात पडलं की मी मोकळा. म्हणून निघाले, भाऊ. न्हाई तर त्यांना सोडून कशाला आले असते?" घराच्या मागं धरणाचं पाणी नजर पुरणार नाही एवढं पसरलेलं, आणि ही बाई पाच लिटर पाण्यासाठी काशीला निघाली होती.

घाटावर तिनं डबा भरला. बाकी सगळ्यांचे डबे मी नावाच्या चिंध्या बांधून डिकीत लावले. साधारण तीस होते, कारण जोडप्यांनी मिळून एक घेतलेला. तिनं मात्र डबा डिकीत दिला नाही. पायात धरून बसली. झोपली तरी एक हात डब्यावर.

परतीला, जबलपूर मागं पडल्यावर, घाटात एक ट्रक आडवा झाला आणि रस्ता बंद पडला. भर दुपारची वेळ. सकाळी शेठच्या सांगण्यावरून आचाऱ्यानं आदल्या दिवशीच्या पुऱ्या गरम करून वाढल्या होत्या. मी त्याला नको म्हणालो होतो. तो म्हणाला, शेठला फोन करा. शेठ म्हणाले, पुरीला काय होतंय. पुरीला काही झालं नाही, माणसांना झालं. तासाभरात निम्मी बस ओकत होती. खिडकीतून, दारातून, मधल्या वाटेत. पाण्याची टाकी कोरडी, आचाऱ्यानं ती भरलीच नव्हती. मी औषधाच्या शोधात पुढच्या गावाकडं पायी गेलो. परत आलो तेव्हा बसची फरशी धुतलेली होती, बायकांच्या ओल्या साड्या झुडपांवर वाळत होत्या, आणि डिकी उघडी. रिकामे डबे रस्त्याच्या कडेला लोळत होते.

मी क्लीनरला विचारलं. तो माझ्याच वयाचा, सरळ माणूस. म्हणाला, "म्या न्हाई काढलं, साहेब. ह्यांनीच काढलं. एकानं तोंड धुतलं, मग सगळ्यांनी."

म्हणजे गंगेच्या पाण्यानं यांनी ओकारी धुतली, स्वतःच्या हातानं. त्यात मला काही वाईट वाटलं नाही. आजारी माणसाला पाणी लागतं, मग ते कुठलंही असो. किळस आली ती पुढचं ऐकून.

पोटं शांत झाल्यावर कुजबुज सुरू झाली.

"आता घरी काय दाखवायचं?"

"माझ्या तर मावंद्याच्या पत्रिका वाटून झाल्यात."

काशीहून आल्यावर गंगेची पूजा करून भावकीला, गावाला जेवू घालतात आणि ते पाणी तीर्थ म्हणून देतात, त्याला आमच्याकडं मावंदं म्हणतात. मी म्हणालो, "झालं ते सांगा. काशी झाली, दर्शन झालं, पाणी वाटेत कामी आलं. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

मावशीच्याच गावातला एक माणूस बसमध्ये होता. दोन ट्रॅक्टरचा मालक, बायकोसोबत आलेला. तो म्हणाला, "साहेब, तुमी गिरणीतले. तुमाला सुताचं कळतंय. हे घरातलं काम हाय, ह्यात पडू नका." लोक हसले. मघाशी कण्हत होते तेच लोक.

मग कुणीतरी तोड काढली. पुढं पेट्रोल पंप आहे, तिथं डबे भरायचे. गंगेचा थेंब पडला की सगळं पाणी गंगाच होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त एक प्रश्न उरला, थेंब आणायचा कुठून. आणि मग सगळी बस मागं वळून मावशीच्या पायांकडं बघू लागली.

ती सकाळचं खात नव्हती, घरी पाणी पोचेपर्यंत एकभुक्त राहायचं तिनं बोलून ठेवलं होतं. म्हणून ती आजारी पडली नाही आणि म्हणून तिचा डबा शाबूत होता. तिनं डबा उचलून मांडीवर घेतला.

"घ्या. पर टोपणानं घ्या. माझं माणूस घरी वाट बघून राहिलंय."

पंपावर सगळ्यांनी डबे भरले आणि रांग लावली. डब्याच्या टोपणात वीस-पंचवीस मिली पाणी मावतं. तीस डब्यांना पाऊण लिटर पुरे झालं असतं. तिच्याकडं चार लिटरांहून जास्त उरायला हवं होतं. पण पहिली चार माणसं टोपणानं घेऊन गेली, पाचव्यानं दोन टोपणं घेतली, मग सहाव्याला वाटलं आपण कमी का. एकीनं सुनेसाठी बाटली पुढं केली, एकीनं माहेरासाठी. मी म्हणालो, "अहो, टोपण ठरलंय." माझ्याकडं कुणी पाहिलंही नाही. ट्रॅक्टरवाला शेवटी आला. टोपणाला माती लागली म्हणाला, आणि डबा तिच्या मांडीवरून उचलून थेट आपल्या डब्यात वाकडा केला. तिनं हात पुढं केला तेव्हा तळ दिसत होता.

पेलाभर राहिलं असेल.

क्लीनर म्हणाला, "आणा मावशी, तुमचा बी भरून देतो."

"नगं. हाय तेवढं बराबर हाय."

बस सुटली. पंपापासून हिंगोलीपर्यंत एकाही तोंडातून तिच्यासाठी एक बरा शब्द निघाला नाही. उलट भजन सुरू झालं, आणि चांगलं रंगलं.

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर आभारांचा पूर आला. शेठ, तुमच्यामुळं गंगामाई दारी आली. शेठ, तुमी देवमाणूस. मी शिळ्या पुऱ्यांचं बोलायला शेठकडं गेलो तर त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. "लोक खूश आहेत. तुम्हीच एकटे काहून तोंड वाकडं करून राहिलात?"

मावशीच्या मावंद्याला मी गेलो. तिनं मुद्दाम निरोप पाठवला होता. दोन खोल्यांचं घर, पुढं पत्र्याचा मांडव, भावकीची दोन पंगती होतील एवढी माणसं. आतल्या खोलीत दारासमोरच तिच्या नवऱ्याची बाज. त्याला अंगणातलं सगळं ऐकू यावं म्हणून दार उघडं ठेवलेलं.

पंगतीला आधी तीर्थ द्यायचं. ती वाटीत तुळशीचं पान बुडवून एकेकाच्या तळहातावर झटकत चालली होती. थेंबच पडत होते. तिचा दीर तोंडाळ. तो म्हणाला, "वहिनी, काशीला गेल्त्या का इथंच औंढ्याला? एवढंसं पाणी?"

लोक हसले. माझ्यासमोरच्या पानावर ट्रॅक्टरवाला बसला होता. त्यानं त्यात भर घातली, "आमच्याकडं परवा एकेकाला वाटीवाटीनं दिलं. लोक पोटभर पिऊन गेले. मावशीनं जरा जास्त आणायला पायजे होतं."

मी त्याच्याकडं पाहिलं. त्याच्या तोंडावर काहीसुद्धा नव्हतं. लाज नाही, भीती नाही, आठवणसुद्धा नाही. तो बहुतेक खरंच विसरला होता, आणि मला तेच सगळ्यात ओंगळ वाटलं.

दीर थांबेना. "एकाच बसनं गेले. ह्यांचा डबा काठोकाठ, हिच्या डब्याला तळ. वाटंत इकलं का काय? का घरामागचंच भरलं धरणातलं?"

हे ऐकून आतून आवाज आला, जड, अर्ध्या जिभेचा. "काय म्हणून राहिलेत ते?"

ती वाटी घेऊन आत गेली. चमचा त्याच्या तोंडाशी नेला तर त्यानं तोंड मिटलं. तिच्याकडं बघत राहिला. "खरं हाय ना गं?"

मला दारातून दोघं दिसत होते. तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि डोळ्यांनीच नको म्हणाली. मला कळलं तिला काय नको होतं ते. तीस घरांची मावंदी झाली होती. लोकांनी ते पाणी देवघरात ठेवलं होतं. ते तिला मोडायचं नव्हतं. त्यासाठी ती स्वतःच्या नवऱ्यापुढं खोटी ठरायला तयार होती.

मी पानावरून उठलो. पंगतीतून मधेच उठणं वाईट दिसतं, पण उठलो आणि दारात गेलो.

"मामा, मी मावशीच्या बसचा माणूस. हिनं डबा काठोकाठ भरला होता, माझ्या डोळ्यांदेखत. वाटीत आहे ते त्यातलंच आहे, त्यात दुसरा थेंब नाही. बाकीचं हिनं वाटेत वाटलं."

"कुणाला?" हे दीरानं विचारलं.

मी मागं वळून ट्रॅक्टरवाल्याकडं पाहिलं. तो पोळीचा तुकडा मोडत होता.

"ज्यांच्याजवळचं संपलं होतं त्यांना."

ट्रॅक्टरवाल्यानं मान वर केली नाही. वाढप्याला म्हणाला, "गुळवणी आण रे इकडं."

आत बाजेवर म्हातारा हसत होता. अर्ध्याच तोंडानं, पण हसत होता. "वाटल्याबिगर ही कशाची येती. बाजाराला धाडली तर निम्म्या मिरच्या वाटंतच वाटून येती." मग त्यानं तोंड उघडलं. पहिला चमचा आत गेला. दुसरा वाकड्या बाजूनं ओघळला. तो तिनं पदरानं टिपला आणि तोच पदर आपल्या डोळ्यांना लावला.

मी पुन्हा पानावर बसलो, पण समोरच्या माणसाचं चाललेलं जेवण बघून मला घास गिळवेना. हात धुतले आणि निघालो. त्याच महिन्यात शेठची नोकरी सोडली. आता बाजार समितीत हळदीच्या काट्यावर असतो. पोतं ठेवलं की काटा जे आहे ते दाखवतो. मला एवढं पुरतं.

शेठच्या निरोपाला मी उत्तर दिलं. फोटो जोडला नाही. लिहिलं, "परतीच्या वाटेत एका मावशीनं आपल्या डब्यातलं पाणी सगळ्यांना दिलं. तिचे आभार मानायचे राहिले आहेत. ज्यांनी घेतलं त्यांना माहीत आहे." मावशीकडं असला मोबाइल नाही, म्हणजे हे तिच्यापर्यंत पोचणार नव्हतंच.

पाच मिनिटांत पहिलं उत्तर आलं, ट्रॅक्टरवाल्याचं. जोडलेले दोन हात, एक गुलाबाचं फूल, आणि खाली, "खूप छान विचार, साहेब."