देव्हाऱ्यातला डॉलर

नई सडक नावाच्या रस्त्यामागचे आमचे घर विकायचे ठरले तेव्हा आईने एकच अट घातली. घरातली चांदी आम्हा दोघा भावांत तिच्या डोळ्यांसमोर वाटली जावी आणि वाटणीत खोट राहू नये. तिच्या माहेरी एका तबकावरून दोन मामांचे बोलणे कायमचे बंद झाले होते. तेच आपल्या मुलांचे होईल, ही भीती तिने कधी लपवली नाही.

ताटे, वाट्या, पेले, निरांजने यांचे काम सोपे होते. काटा मांडला, निम्मे इकडे, निम्मे तिकडे. अडले ते एका नाण्यापाशी.

ते अमेरिकेचे चांदीचे डॉलर नाणे होते. बाजारात चालणारे नव्हे, संग्राहकांसाठी वेगळे पाडलेले. एका बाजूला सूर्याकडे चालत जाणारी स्त्री, दुसऱ्या बाजूला गरुड. अमेरिकेत स्थायिक झालेल्या काकांनी वडिलांना ते आणून दिले तेव्हा ते मखमली डबीत, पारदर्शक प्लास्टिकच्या गोल कवचात बंद होते. नाण्याची सपाट जागा आरशासारखी होती. आम्ही दोघांनी त्यात आळीपाळीने आपापले दात पाहिले होते.

वडील महाराज बाड्याच्या चौकातल्या एका बँकेत रोखपाल होते. "पूजेत प्लास्टिक चालत नाही," असे म्हणून त्यांनी पहिल्याच दिवाळीत ते कवच उघडले आणि नाणे लक्ष्मीपूजनाच्या तबकात ठेवले. रिकामी डबी आईने जोडव्यांसाठी घेतली. त्यानंतर दर वर्षी तेच. आधी पंचामृताने स्नान, मग लिंबू आणि वस्त्रगाळ रांगोळी. वडील मागच्या पायरीवर बसत, जुन्या धोतराचा तुकडा अंगठ्याला गुंडाळत आणि नाणे घाशीत. घाई नसे. लिंबाचा वास पार दारापर्यंत येई. शेवटी नाणे उन्हात धरून ते म्हणत, "बघा, अजून नवंच आहे." मग त्या स्त्रीच्या कपाळावर हळदकुंकू लागे. घरात तिला सगळे अमेरिकेची लक्ष्मी म्हणत.

वडील गेल्यानंतरही नाणे देव्हाऱ्यातच राहिले. वाटणीच्या दिवशी धाकट्याने मोबाइलवर त्याचे चित्र शोधून काढले.

"आई, हे काट्यावर नाही टाकायचं. याची किंमत लाखाच्या पुढे दाखवतंय. साफ-साफ लिहिलंय."

"तोच डॉलर आहे का पण?" मी विचारले.

"सेम टू सेम. साल पण तेच. दादा, तुम्ही पेपरवाले, तुम्हाला तर सगळ्यातच शक."

आईने काटा बाजूला सारला. ज्याच्याकडे नाणे जाईल त्याने दुसऱ्याला तेवढ्या किमतीची चांदी द्यायची, असे तिचे म्हणणे पडले. लाखाचे नाणे असते तर घरातली सगळी भांडी एका पारड्यात घालूनही हिशेब जुळला नसता. तिने जेवण अर्धवट टाकले. संध्याकाळी तिनेच वडिलांच्या मित्राला फोन करायला लावला. हे निवृत्त नेत्रतज्ज्ञ. जुन्या संस्थानी नाण्यांचा त्यांना नाद होता आणि परदेशी नाणीही त्यांच्या संग्रहात होती.

दुसऱ्या दिवशी ते भिंग घेऊन आले. नाणे बोटांत कडेने धरून ते खिडकीशी गेले आणि बराच वेळ ते तिरके करीत राहिले.

"वहिनी, हिला कुंकू कोण लावायचं?"

"हे लावायचे. का हो, भाऊजी?"

"पदराच्या चुण्यांत भरलंय. अमेरिकेहून आलेली बाई, पार सवाष्ण करून टाकलीत की."

आई हसली नाही. "किंमत सांगा," ती म्हणाली.

त्यांनी सांगितले ते असे. अशा नाण्याला तीन किमती असतात. एक त्यावर छापलेली, ती डॉलरभर. दुसरी चांदीची, म्हणजे तीन तोळ्यांच्या आसपास. तिसरी संग्राहक देतो ती. तो चांदीचे पैसे देत नाही, कुणाचा हात न लागलेल्या पृष्ठभागाचे देतो. कवचातून काढलेल्या आणि घासलेल्या नाण्याला तिसरी किंमत उरत नाही. मोबाइलवरचे नाणे कवचातले होते, आणि तो आकडाही विकणाऱ्याने मागितलेला होता, घेणाऱ्याने दिलेला नव्हे.

"म्हणजे ह्यांनी घालवलं," आई म्हणाली.

"विकायचं असतं तर घालवलं म्हटलं असतं. त्याला कुठं विकायचं होतं?"

त्यांनी भिंग धाकट्याच्या हातात दिले. मग माझ्या. आरशासारख्या भागावर केसाएवढ्या बारीक रेघा होत्या, सगळ्या गोल, सगळ्या एकाच दिशेने. कडेशी दाट, मध्यावर विरळ. घासताना वडिलांचा अंगठा तसाच फिरत असे. भिंगातून ते हालचालीसकट दिसत होते.

"मग मिटलं," आई म्हणाली. "काट्यावर टाका."

"नको," धाकटा म्हणाला. "हे मला दे. माझ्यातले दोन पेले दादांना जाऊ दे."

मी चार वाट्या सोडायला तयार झालो. त्याने ताट पुढे सरकवले. मी निरांजनांची जोडी. नेत्रतज्ज्ञ चष्मा पुसत बसले. आईचा आवाज चढला.

"काल किंमत होती म्हणून भांडत होता, आज नाही म्हणून भांडता. ठेवा ते खाली."

दख्खनहून इकडे उत्तरेत आलेल्या आमच्यासारख्या घराण्यांत कुळाचे नवरात्र वाटता येत नाही, म्हणून त्याची पाळी असते. एका वर्षी देवीचे टाक एका भावाकडे बसतात, पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे. ज्याची पाळी त्याच्या घरी बाकीच्यांनी यायचेच, रुसवा असला तरी. आईने तोच नियम नाण्याला लावला. दिवाळी ते दिवाळी एकाकडे, मग दुसऱ्याकडे. लक्ष्मीपूजन एकाच घरी.

"पहिली पाळी कुणाची?" धाकट्याने लगेच विचारले.

"जो विचारतो त्याची नाही."

त्या वर्षी तो हरिशंकरपुरम वसाहतीतून बायकोमुलांसकट माझ्याकडे आला, मुहूर्ताच्या बराच आधी. चौरंग कुठल्या भिंतीशी मांडायचा यावरून आमची जुंपली. त्याचे म्हणणे ईशान्य, माझे म्हणणे तिथे मांडला तर दार उघडत नाही. आई सोफ्यावर बसून फुलवाती वळत होती. तिने मध्ये तोंड घातले नाही.