पेन्सिलची फुली

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कोर्टातल्या मित्रांना नाही. दर उपवासकाळात वसईतल्या पापडीच्या चर्चमध्ये कुमसाराला, पापं कबूल करायला, जातो. जाळीपलीकडे फादर कान देऊन बसलेले असतात, आणि मी रागाबद्दल बोलतो, चुकलेल्या मिस्साबद्दल बोलतो — हे एक सोडून सगळं. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी वकील. मोठा नव्हे. सातबारा, फेरफार, भाडेकरार, सोसायट्यांची भांडणं — यावर घर चाललं. आमच्याकडे एक रीत आहे, माझ्या वडिलांपासूनची, तेही वकीलच. माणूस कागद घेऊन येतो, वकील तो वाचतो आणि जिथे सही करायची तिथे पेन्सिलने बारीक फुली मारतो. माणूस फुली बघून सही करतो. कागद वाचत बसत नाही. फुली आहे म्हणजे वकिलाने वाचलंय, बस्स. सही झाली की वडील खोडरबराने फुली पुसून टाकत. मीही पुसतो.

फिलोमिना आमच्या शेजारच्या वाडीतली. लग्न न करता आईजवळच राहिलेली, भाऊ अंतोनच्या घरात. माझ्याहून लहान, मला दादा म्हणते. तिची आई, नातालबाय, सुकेळी करायची — राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, मधाच्या रंगाची. पापडीत सुकेळी म्हटलं की नातालबायचीच. ती गेल्यावर फिलोमिनाने वाळवणाचा मांडव पुन्हा घातला. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. गावातली कितीतरी पोरं आखातात, कॅनडात. नाताळ जवळ आला की त्यांचे फोन यायचे, घरची सुकेळी मिळतील का? तिच्या डोक्यात आलं, वेबसाइट काढायची. आईच्या नावाने, आईचा फोटो लावून.

अंतोन हसला होता. "केळी काय तारेतून पाठवणार?"

"तू घड तेवढे उतरव. तारेचं मी बघते."

अशी होती ती तेव्हा. हे लक्षात ठेवा.

वेबसाइट करून देणाऱ्या अंधेरीच्या एका कंपनीने करार पाठवला. इंग्रजी, जाडजूड. ती तो घेऊन माझ्याकडे आली. "दादा, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तू फुली मारलीस की मी सही करणार."

आणि मी — मी तो वाचला नाही.

पहिलं पान वाचलं. डोमेन, होस्टिंग, सोर्स कोड. माझ्या ऑफिसातला कॉम्प्युटर टायपिस्ट चालवायची. मी त्याच्यावरचं कापडसुद्धा कधी काढलं नव्हतं. वसई कोर्टात नवीन आलेल्या एखाद्या वकिलाला विचारता आलं असतं. किंवा तिलाच सांगता आलं असतं, फिलू, मला हे कळत नाही. पण माझ्या तोंडून असं गावात कोणी कधी ऐकलं होतं? करार नुसता टेबलावर उघडा ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. मग पानोपान फुल्या मारल्या. "ठीक आहे. नेहमीचाच आहे," म्हणालो. तिने माझ्यासमोर सह्या केल्या, फुल्या मी पुसल्या.

हे लिहायला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही. म्हणजे खरं ते अजून पुढेच आहे.

धंदा चालला. दोन नाताळ तर तिने बायका हाताखाली घेतल्या. मग कंपनीने त्याच नावाखाली दुसऱ्या कोणाची तरी सुकवलेली फळं विकायला काढली. फिलोमिना भांडली. उत्तर आलं — नाव आमचं, गिऱ्हाइकांचे पत्ते आमचे, पटत नसेल तर निघा. पण या नावाने पुन्हा ऑनलाइन विकता येणार नाही. करार बघा.

ती करार घेऊन आली, सोबत अंतोन. त्या दिवशी मी तो पहिल्यांदा वाचला, दोघांच्या देखत. मधल्या एका पानावर ते कलम होतं. आणि काय सांगू — त्या कलमात कॉम्प्युटरचा एक शब्द नव्हता. अगदी साधं इंग्रजी. पान उलटलं असतं तर मला कळलं असतं.

"दादा, हे तेव्हापण होतं का यात?" तिने विचारलं. नुसतं विचारलं हो, आरोप नव्हता.

मी म्हणालो, "अगं, तेव्हाच नव्हतं का सांगितलं मी तुला? तूच म्हणालीस, नाताळ तोंडावर आलाय, करून टाकू."

किती सहज आलं ते तोंडात! ती माझ्याकडे बघत राहिली. आठवत होती बिचारी. जे घडलंच नव्हतं ते आठवणार कुठून? पण दादा खोटं कशाला बोलेल? शेवटी म्हणाली, "असेल. माझंच ध्यान नसेल. सॉरी, दादा."

"असू दे," मी म्हणालो. असू दे! — माफ केलं मी तिला.

त्यानंतर अंतोनला विषयच मिळाला. लग्नात, बारशात, कुठेही. "वकील सांगत होता, तरी हिने सही ठोकली. आईचं नाव विकून आली." आधी ती उलट बोलायची. मग नुसती हसायची. मग तेही थांबलं. बँकेची साधी स्लिपसुद्धा अंतोनला दाखवून भरायला लागली. हे मी बघत होतो. त्याच लग्नांत मीही जेवत होतो.

काही वर्षांनी अंतोनला वाडी बिल्डरला द्यायची होती. वाडीत तिचाही वाटा. पूर्वी म्हणायची, माझ्या वाट्याची केळी मी मरेपर्यंत ठेवणार. अंतोनने हक्कसोड माझ्याकडूनच करून घेतलं. या वेळी मी शब्दन्‌शब्द वाचून दाखवला. "फिलू, यात तुझा वाटा जातोय," हेही सांगितलं.

"मला कागदातलं काय कळतं, दादा? एकदा माझं डोकं चालवलं, बघितलंस ना काय झालं ते." आणि ती फुली शोधायला लागली.

अंतोन बाहेर फोनवर होता. खोलीत आम्ही दोघंच. एक वाक्य पुरलं असतं — तू चुकली नव्हतीस. मी तोंड उघडलं. आणि पेन्सिल उचलली.

वाडीच्या जागी आता इमारत आहे. फिलोमिना राजेळी विकत आणून गच्चीत थोडी सुकेळी करते. नाताळात पहिली पुडी माझ्या घरी येते. मी ती खातो.

दोन्ही कागदांच्या प्रती माझ्या कपाटात आहेत. कुठल्याच पानावर फुली दिसत नाही. वडिलांनी खोडायला चांगलं शिकवलं होतं. सही तेवढी आहे, तिची.