नावाची आंघोळ

एखाद्यावरची आशा सोडली की आपल्याकडे म्हणतात, त्याच्या नावानं आंघोळ केली. म्हणतात फक्त. त्यासाठी कोणी बादली भरायला जात नाही. माझे बाबा गेले. छत्तीसगढातल्या आमच्या सेक्टर दहाच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात, नळापाशी बसून, अंगावरच्या बनियन-पायजम्यासकट त्यांनी डोक्यावर थंड पाणी ओतून घेतलं, घरातलं माणूस मेल्यावर घेतात तसं. ज्याच्या नावानं घेतलं तो माझा मोठा भाऊ त्या वेळी शिवनाथ नदीत कमरेइतक्या पाण्यात उभा होता आणि चांगला जिवंत होता. त्या सकाळी त्याचा बाप्तिस्मा होता.

दुपारी तो गरम जिलबीचा पुडा घेऊन घरी आला. त्याचे केस ओले होते. दार उघडलं बाबांनी, त्यांचेही केस ओले. मी मागे टॉवेल घेऊन उभी होते आणि तो कोणाला द्यावा ते मला कळेना.

"कोण पाहिजे?" बाबा म्हणाले. "या घरचा पोट्टा सकाळीच गेला. आंघोळ झाली आमची."

दादाला आधी ती थट्टा वाटली. तो हसला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडावरून त्याला काय ते समजलं. पुडा पायरीवर ठेवून तो आल्या पावली परत गेला. जिलबी कोणी खाल्ली नाही. संध्याकाळपर्यंत तिला मुंग्या लागल्या.

आई गेल्यापासून दादा प्यायचा. थोडीथोडकी नाही, रस्त्यात पडेपर्यंत. रिक्षावाले त्याला घरी आणून सोडायचे आणि बाबा निमूट दार उघडायचे, त्याचे बूट काढायचे, लिंबूपाणी पाजायचे. एकदाही दार बंद केलं नाही. पुढे रुआबांध्याला एका टिनाच्या शेडमध्ये भरणाऱ्या प्रार्थनेला तो जाऊ लागला. त्याला तिथं नेणारी नर्स पुढे माझी वहिनी झाली. दारू सुटली. आणि शुद्धीवर आलेल्या पोराला बाबांनी दार लावून घेतलं! मी चिडून विचारलं तेव्हा म्हणाले, "पिऊन का होईना, आपला होता. आता माझ्या मागं मले पाणी कोण देईन?" खरी भीती ती होती. मला तेव्हा फक्त हट्ट दिसला.

दादा-वहिनी अहिवाऱ्याला राहू लागले. तिथं त्यानं वेल्डिंगचं दुकान टाकलं. मी सवड मिळेल तशी चोरून जायची. बाबांना ठाऊक होतं. ते विचारायचे नाहीत, मी सांगायची नाही, असा आमचा करार होता. आमच्या घरात न बोलता बरेच करार होत.

मी त्याला छेडायची. "तुझं सारं पाप धुऊन निघालं म्हणते. मजा आहे बाप्पा तुझी."

"धुतलं नाही व," तो म्हणायचा. "उचललं. माझ्यानं उचलवत नव्हतं, प्रभूनं उचललं. आणि पाप मंजे दारू नाही. दारू तर वरून दिसे. मले कोणाचीच गरज नाही, असं जे मनात बसलं होतं ना, ते."

चार वर्षांनी त्याच्या पोटात पाणी होऊ लागलं. एवढ्या दारूनं लिव्हर आधीच गेलं होतं. मला त्याच्या देवाचा फार राग आला. म्हटलं, "माफी झाली म्हणतो, तर लिव्हरले कोणी कळवलं नाही वाटते."

दादा पोट धरून हसला. "माफी भेटली व, लिव्हर नाही भेटलं." मग गंभीर झाला. "एकच गोष्ट रोज मागून राहिलो. बाबानं एकदा दार उघडावं."

ते त्याला मिळालं नाही. तो गेला त्या सकाळी वहिनीचा फोन आला तेव्हा बाबा स्वयंपाकघरात लसूण सोलत होते. मी सांगितलं, "दादा गेला." त्यांनी हातातली पाकळी सोलली, मग पुढची घेतली. मी वाट पाहत उभी राहिले. आता उठतील, नळाखाली बसतील, डोक्यावर पाणी घेतील. तेवढं केलं असतं तरी पुरे होतं. आजपर्यंत मला मुलगा होता, एवढं त्यातून कबूल झालं असतं. माझ्या भावासाठी मला तेवढंच हवं होतं.

"उठा बाबा. आंघोळ करा."

"माझी झालेली आहे," ते म्हणाले. "एका माणसाची दोनदा करते का कोणी?"

असा बाप वैऱ्याला मिळू नये, असं मी तोंडावर बोलले आणि एकटीच अहिवाऱ्याची बस धरली.

आमच्या घरातलं माणूस मातीत जाताना मी पहिल्यांदा पाहिलं. लोक पुन्हा भेटण्याचं गाणं म्हणत होते. रडून सुजलेल्या डोळ्यांनी वहिनीही म्हणत होती. मी मूठभर माती टाकली. मला काही गाता आलं नाही. संध्याकाळी घरी येऊन मी सरळ मागच्या अंगणात गेले आणि मसणातून आल्यावर करतात तशी कपड्यांसकट आंघोळ केली. बाबा पायरीवर बसून बघत होते.

त्या दिवसापासून बाबांनी आंघोळच सोडली. दुसऱ्यांदा नाही आणि रोजचीही नाही. दाढी वाढली, अंगाला वास येऊ लागला. मी पाणी तापवून ठेवायची, ते निवून जायचं. भांडले, रडले, पाया पडले. शेवटी एकदा म्हणाले, "पाणी पायलं की भेव लागते."

महिना उलटल्यावर वहिनी आली. बोलावलं कोणीच नव्हतं. सासरचं दार ती पहिल्यांदाच वाजवत होती, आणि ते बाबांनी उघडलं. दादाची मागणी पुरी झाली, पण फार उशिरा. मला तिथंच हुंदका आला.

ती समोर बसल्यावर बाबा एकदम बोलायला लागले. त्यांच्या मराठीत, ती मूळची छत्तीसगढची, समजेल की नाही याची फिकीर न करता. "मी जित्या पोराच्या नावानं आंघोळ केली. त्याचं आयुष्य मी तोडलं. हे पाप कसं फेडू, तेवढं सांग."

"लिवर खराब था, बाबूजी."

"फेड सांग मले. उपास करू? डोकं भादरू? पायी जाऊ कुठी?"

वहिनीनं मान हलवली. "आपसे ये कर्जा नहीं चुकेगा. किसी से नहीं चुकता. वो चुका दिया गया है."

बाबा भडकले. "माझं पाप दुसऱ्यानं कावून भरावं? भिकारी आहो का मी?"

"वो भी पहले यही बोलते थे," वहिनी म्हणाली. "बिलकुल ऐसे ही, चिल्ला के."

बाबांचा आवाज खाली आला. त्यांनी विचारलं, "तो आता कुठी आहे?"

"प्रभु के पास. जिंदा है."

"मले भेटन?"

मला वाटलं, आता ही हो म्हणेल. म्हाताऱ्या माणसाला हो म्हणायला काय जातं? पण तिच्या ओठांवर हो येईना. मला तिचा राग आला आणि त्याच वेळी तिच्यावर विश्वासही बसला. "मैं झूठ नहीं बोलूँगी, बाबूजी. आप प्रभु को जानते ही नहीं," ती म्हणाली. "पर ये रोज आपके लिए माँगते थे. वो माँगना बेकार गया, ये मैं नहीं मानती." आणि ती रडू लागली.

वहिनी गेल्यावर बाबांनी मला हाक मारली. "पाणी तापव."

मला हायसं वाटलं. म्हटलं, "करता का आंघोळ? दादाच्या नावानं?"

"नाही. रोजची करतो, साबण लावून," ते म्हणाले. "तो जिता आहे म्हणते पोरगी. जित्या माणसाच्या नावानं एकदा केली, आता नाही करत."

आत पाण्याचा आवाज सुरू झाला, त्यात त्यांचं रडणंही ऐकू येत होतं. मी टॉवेल घेऊन दाराशी उभी राहिले. बाबांनी दादाला त्या दिवशी जिवंत करून ठेवलं. मी मात्र मातीवरून आल्या आल्या त्याच्या नावानं डोक्यावर पाणी घेऊन मोकळी झाले होते. केलेली ती आंघोळ मागे कशी घ्यायची, हे वहिनीला विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं.